शेवटच्या खेपेचा गूळ

लिहायला बसण्याआधी माफी मागायला हवी, आणि ती कोणाकडे मागावी हे मला नीट ठरवता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकं लिहिली त्यांच्याकडे मागावी, तर ते माझं लिहिणं वाचायला येणार नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं आणि उरलेली गाढवं होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे या वयातही कोरा कागद समोर आला की कोणाला तरी विचारून घ्यावंसं वाटतं. पण मागच्या आठवड्यात नातू शाळेचं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, आजोबा, 'गाढवाला गुळाची चव काय' याचा अर्थ सांगा, उद्या लिहून न्यायचा आहे. पुस्तकात चित्रही होतं. कान पाडलेलं गाढव आणि त्याच्यापुढे गुळाची ढेप. मी म्हटलं, बस, सांगतो. आतून त्याची आई म्हणाली, बाबा, एका ओळीत सांगा, त्याचा गणिताचाही अभ्यास राहिला आहे. मला एका ओळीत सांगता आलं नाही. ते राहिलेलं इथे लिहितो.

आमचं घर हिवरखेडचं. आम्ही भोई. पूर्वी आमच्या लोकांनी डोल्या वाहिल्या, मासे धरले. माझ्या आठवणीत मात्र आमच्याकडे गाढवं होती आणि त्यांच्या पाठीवर नाल्याची रेती नाहीतर भट्टीच्या विटा. आता तिथे ट्रॅक्टर आणि टिप्पर धावतात, आणि गाढव दिसलं तर मुलं मोबाईल काढून फोटो घेतात. तेव्हा गावातलं कुठलंही पक्कं घर आमच्या गाढवांच्या पाठीवरून गेल्याशिवाय उभं राहत नसे. सकाळ व्हायची ती गाढवांच्या ओरडण्याने. ज्यांना ते ओरडणं कर्कश वाटतं त्यांना मी दोष देत नाही, पण मला अजूनही अकोल्याच्या या शांत कॉलनीत जाग आली की काहीतरी कमी आहे असं वाटतं. माय चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत असायची, आणि थापण्याचा आवाज आणि बाहेर खुरांचा आवाज असे एकमेकांत मिसळायचे की कुठला कुठला ते कळू नये. न्याहारीला भाकर, मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी असली तर ती. मग बा गाढवांच्या पाठीवर गोणपाटाच्या जाड गाद्या बांधायचा आणि आम्ही मागे चालू लागायचो. मी, माझ्या पाठची बहीण सुमी, आणि सगळ्यात पुढे मैना.

मैना म्हणजे आमची म्हातारी गाढवीण. बाकीची गाढवं तिच्या मागे चालत. तिला रस्ता दाखवावा लागत नसे, थांब म्हणावं लागत नसे. फक्त दिवसाची शेवटची खेप कुठली हे तिला सांगावं लागे, आणि ते बा गुळाने सांगायचा. शेवटच्या विटा उतरल्या की कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडापुढे धरायचा. मग बाकीच्यांना एकेक. तो खडा खाल्ल्यावर तुम्ही काहीही केलं तरी ती गाढवं पुन्हा भट्टीच्या दिशेला वळत नसत. काम संपलं हे त्यांना त्या खड्याने कळत असे. गूळ जुना असला, काळा पडलेला असला, तर मैना तो ओठाने चाचपून खाली टाकायची, आणि बा शिवी न देता नवा काढायचा. हे मी लहानपणापासून रोज पाहिलेलं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या घरात म्हणी फार. बहुतेक घरात असतील. पण आमच्याकडे म्हण आली की तिची तपासणी होत असे, आणि ती करणारा बा होता. त्याला अक्षर येत नव्हतं. कोणी म्हण टाकली की तो हातातलं काम थांबवायचा आणि विचारायचा, "हे बोलणारा गाढवाच्या मांगं चालला होता, का दुरून पाहून राहिला होता?" सगळ्या म्हणी तो या एका प्रश्नाने दोन ढिगांत टाकायचा. 'गाढवानं शेत खाल्लं, ना पाप ना पुण्य' ही दुरून पाहणाऱ्याची. कारण पाप-पुण्य काही नसलं तरी शेतवाल्याचा मार आम्हालाच बसतो, ते म्हण करणाऱ्याला माहीत नव्हतं. 'दगडापेक्षा वीट मऊ' ही खरी, कारण ज्याच्या पायावर दगडही पडला आणि वीटही, त्यानेच ती केलेली असणार. आणि एक म्हण त्याच्या मते आमच्याच कोणा पूर्वजाची होती: 'गाढव मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं.' शिंगरू म्हणजे गाढवाचं पिलू. त्याच्या पाठीवर काही नसतं, पण ते दिवसभर आईच्या मागे भट्टी ते घर, घर ते भट्टी पळत राहतं आणि संध्याकाळी आईपेक्षा जास्त थकतं. बा म्हणायचा, हे रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त ओझं दिसतं. पुढे मी म्हणींवरची जाडी पुस्तकं वाचली. प्रत्येक म्हणीमागची गोष्ट त्यांत असते, कुठल्या राजाची, कुठल्या देवाची. ती म्हण कोण कोणाला म्हणालं, हे मला फारसं कुठे सापडलं नाही.

मी बारावी झालो तेव्हा घरात माझ्या कॉलेजवरून बरेच दिवस बोलणं चाललं. बाचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणत असू, बाजूच्याच घरात राहायचे. ते वाईट नव्हते, फक्त सगळं आधीच ठरलेलं आहे असं समजून बोलायचे. सुमीने त्या दिवशी मधेच विचारलं की पुढच्या वर्षी मीही जाऊ का. मोठेबाबा हसून म्हणाले, गाढवाले गुळाची चव काय, पोट्टीले कॉलेज कायले. बाने त्यांना काही म्हटलं नाही. थोरला भाऊ होता. पण जेवून उठताना त्याने ठरवून टाकलं. गजू जाईल. गजूने एक वर्ष नीट पार केलं की मग सुमी. एकामागं एक. म्हणजे माझ्या पहिल्या वर्षाच्या निकालावर सुमीचं कॉलेज टांगलेलं होतं, आणि हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं. ती मला बसस्टँडवर सोडायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "झोपू नको तिथं."

अमरावतीला मी एका खोलीत तिघांबरोबर राहायचो. दर शनिवारी माय एसटीने डबा पाठवायची: ज्वारीच्या भाकरी, झुणका, कधी तिळाची चटणी. डबा आणायचे कंडक्टर रहीमभाई. ते अकोटचे, आमच्या भागातल्या शिकायला गेलेल्या निम्म्या मुलांचे डबे त्यांच्या सीटखाली असत, आणि डब्याबरोबर निरोपही. मायने काय सांगितलं ते ते तिकिटं फाडता फाडता जसंच्या तसं सांगायचे, मायच्या आवाजात. रिकामा डबा परत द्यायचा तेव्हा मी माझा निरोप द्यायचो. तोही तसाच पोचायचा, माझ्या आवाजात, असं सुमी सांगायची.

मराठी शिकवायला वैद्य सर होते. अमरावतीतलं जुनं वकिलांचं घराणं, पांढरा शर्ट, स्वच्छ भाषा. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला वडील काय करतात ते विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमची गाढवं आहेत. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण त्या दिवसापासून ते मला हिवरखेड म्हणायला लागले. ते शिकवायचे छान. म्हणींवर त्यांनी जवळजवळ महिना घेतला. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ची गोष्ट त्यांनी इतकी रंगवून सांगितली की बंदिवासातला वसुदेव आम्हाला समोर दिसला. गाढव ओरडलं तर कंसाला कळेल म्हणून गाढवाचे पाय धरणारा बाप. बडनेऱ्याहून रेल्वेने येणारी मुलं मागच्या बाकावरून माझे पाय धरायला लागली. मीही हसलो. मला ती गोष्ट आवडली होती; त्यात निदान गाढवाच्या ओरडण्याला किंमत होती.

मग चाचणी झाली आणि तिच्यात कल्पनाविस्ताराला म्हण आली, 'गाढवाला गुळाची चव काय'. दुसरी कुठलीही आली असती तर मी पुस्तकातलं लिहिलं असतं. ही वाचल्यावर मला आमचं अंगण दिसलं, मोठेबाबा दिसले, आणि दारात उभी राहून ते ऐकणारी सुमी दिसली. मी लिहिलं की ही म्हण ज्याने केली त्याने गाढवाला कधी गूळ दिला नसावा. आमच्या घरी गाढवांना रोज गूळ मिळतो आणि खराब गूळ ती खात नाहीत. ज्याला आपण एखादी गोष्ट कधी देत नाही, त्याला तिची चवच नाही असं म्हणणं सोयीचं असतं, कारण मग न दिल्याचा दोष आपल्याकडे राहत नाही. असं पानभर लिहिलं आणि शेवटी, ही म्हण खोटी आहे, असं वाक्य घातलं. पेपर तसाच दिला, खोडलं नाही.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. चेष्टा म्हणून नाही, नमुना म्हणून. विद्यार्थी भावनेच्या भरात विषय कसा सोडतो याचा नमुना. खराब गूळ गाढवं खात नाहीत या वाक्याला बाकं वाजली. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तू चांगलं लिहितोस, हिवरखेड. पण तुला म्हण कळलेली नाही. म्हण गाढवाबद्दल नसते रे."

"मग कोणाबद्दल असते, सर?"

"माणसाबद्दल. ज्याला चांगल्याची पारख नाही, अशा माणसाबद्दल."

"म्हणूनच लिहिलं, सर. गाढवाबद्दल असती तर मी सोडून दिलं असतं. गाढवाचं त्यानं काही बिघडत नाही."

त्यांनी माझा पेपर घडी करून परत माझ्या हातात दिला. मग शांतपणे म्हणाले, की म्हणीचा अर्थ समाजाने ठरवलेला असतो, तो तू किंवा मी बदलू शकत नाही. पुस्तकातल्या अर्थाप्रमाणे पुन्हा लिहून आण, एकच पान आहे, मी गुण देतो. हे अंतर्गत गुण मिळाले नाहीत तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, हे तुला माहीत आहे ना. मला माहीत होतं. मी बरं सर म्हटलं आणि खोलीवर आलो. कागद काढला, ओळ लिहिली, 'अरसिक माणसाला उत्तम वस्तूचे मोल कळत नाही'. त्यापुढे माझं पेन गेलं नाही. मी तो कागद तसाच ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात सरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, लिहिलं नाही सर. त्या दिवशी माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

पोळ्याला घरी गेलो तेव्हा मी हे आधी सुमीला सांगितलं. वाटलं होतं की तिला अभिमान वाटेल. ती परातीतलं पीठ मळत होती, ती थांबलीही नाही. "तू लढ ना तुह्या गुळासाठी," ती म्हणाली. "पण माह्यं कॉलेज कायले डावावर लावतं? एक पान होतं भाऊ. एक पान." ती बरोबर बोलत होती आणि तरी मला ते पान लिहायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला पहिल्यांदा त्या परातीपाशी कळलं.

आमच्याकडे पोळा गाढवांचाही असतो. बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात, म्हणून मी वर्गात कधी बोललो नव्हतो; चाचणीनंतर बोललो. त्या दिवशी गाढवांच्या पाठीवर काहीही टाकत नाहीत. सकाळी नाल्यावर त्यांना धुवायचं, अंगावर रंगाचे ठिपके आणि हाताचे पंजे उठवायचे, गळ्यात बेगडाच्या माळा, कपाळाला कुंकू. माय पुरणाच्या पोळ्यांचा पहिला घाणा त्यांच्यासाठी काढायची, आणि तो खाऊन झाल्याशिवाय आम्हाला ताट वाढलं जात नसे. बैल देवळापुढून गेले की मागाहून आमची गाढवं जायची, आणि गावातली पोरं त्यांच्या पुढे बैलांपुढे नाचली तशीच नाचायची. वर्षभर गाढवा म्हणून शिव्या देणारं गाव त्या दिवशी गाढवांच्या पाया पडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिव्या सुरू.

त्या पोळ्याला वैद्य सर आले. मी सुट्टीला निघताना ते म्हणाले होते, तुमचा तो पोळा मला बघायचा आहे, पण खरंच येतील असं वाटलं नव्हतं. रहीमभाईंच्या एसटीतून उतरले, बरोबर बडनेऱ्याची दोन मुलं. बाने बाज टाकली, वर धुतलेली चादर अंथरली, मायने पाणी दिलं. सर सगळं कुतूहलाने पाहत होते, मैनेच्या पाठीवरच्या पंजांना हात लावून बघत होते. मग ते बाला म्हणाले की तुमचा मुलगा म्हणतो गाढवाला गुळाची चव असते, मी स्वतः देऊन बघू का. बाने पिशवीतून चांगला पिवळा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगणात सगळे जमले होते. मोठेबाबाही आले होते. सरांनी हात पुढे केला. मैनेने नाक पुढे आणलं, वरचा ओठ हलवला, त्यांच्या तळहातावर एक लांब श्वास सोडला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली.

बडनेऱ्याची मुलं हसली. मोठेबाबा त्यांच्याहून मोठ्यानं हसले आणि म्हणाले, म्हटलं होतं ना म्या. माय पदराला हात पुसत बाहेर आली. सकाळपासून सारे तिले पोळ्या चारून राहिले, पोट हाये का पोतं, असं ती सरांनाच विचारू लागली. बा खजील होऊन सांगत होता की हा खेपेनंतरचा गूळ आहे सर, आज खेप नाही, म्हणून ती घेत नसेल. जो तो मैनेच्या वतीने कारण देत होता. मैना भिंतीकडे बघत होती. आज इतक्या वर्षांनी कोणी विचारलं की तिने तो गूळ का खाल्ला नाही, तर मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं.

सर तरी चांगुलपणानेच बोलले. "काय हिवरखेड? आता लिहून देणार ना?"

मी तोंड उघडायच्या आधी चुलीच्या खोलीच्या दारातून सुमी बोलली. हातात पोळी उलटायचं उलथनं तसंच होतं. "सर, जिले चव नसते तिच्यापुढं काईबी टाका, ते खाते. हिनं नाई म्हटलं. दिसलं ना तुमाले?"

मोठेबाबांनी तिला आत जा म्हणून हात केला, ती गेली नाही. सरांनी तिला विचारलं, तू काय शिकतेस. ती म्हणाली, बारावी. मला कळेना की जी पोरगी काल माझ्यावर चिडली होती ती आज हे का बोलली. पण ती बोलली आणि मला आवाज सापडला. मी म्हटलं, "नाही सर. नाही लिहिणार." या वेळी त्यांना दोनदा विचारावं लागलं नाही. ते म्हणाले, युक्तिवाद चांगला आहे, पण परीक्षा म्हणीच्या अर्थाची आहे, मैनेच्या इच्छेची नाही. हातातल्या खड्याचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो आपल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकला. मग सगळ्यांबरोबर जेवायला बसले, दोन पोळ्या गुळवणीत बुडवून मन लावून खाल्ल्या, मायला नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

गुण मात्र त्यांनी दिले नाहीत, आणि मी मागायला गेलो नाही. दिवाळीआधी कॉलेजच्या फळ्यावर परीक्षेला बसणाऱ्यांची नावं लागली, त्यात माझं नव्हतं. ट्रंक घेऊन घरी आलो. मायने ट्रंक आत नेली आणि भाकर वाढली. बाने एवढंच विचारलं, "चूक झाली का तुयी?"

"नाही."

"मंग उद्या भट्टीवर ये."

तो सगळा हिवाळा आणि उन्हाळा मी गाढवांच्या मागे चाललो. विटा भरायच्या, विटा उतरवायच्या. गावातले लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, काहून गा, कॉलेज संपलं का इतक्या लवकर. मोठेबाबा तेवढंही विचारत नसत; मैना समोरून गेली की तिलाच म्हणायचे, ये बाई, चव पाहणारे. मला राग यायचा, पण पस्तावा झाला नाही. पस्तावा झाला असता तर लिहिणं सोपं होतं, अजूनही तो कागद ट्रंकेत होता. मला टोचत होतं ते वेगळंच. सुमी बारावीचा अभ्यास करत होती, आणि कशासाठी करते आहे हे कोणीच बोलत नव्हतं. बाची अट तिला पाठ होती. मी वर्ष पार केलं नव्हतं.

ती पास झाली. मोठेबाबा पेढे खाऊन अंगणातच बसले आणि बाला म्हणाले की पहिला तर तिथून हात हालवत आला, आता हिचं बी नाव काढू नको. गाढवाले, असं म्हणून ते थांबले. बा गाढवांच्या गळ्याचे दोर सोडत होता. त्याने वर न बघता म्हटलं, "एकानं लाथ मारली म्हणून दुसऱ्याले खुट्याले बांधून ठेवत नाई आपण." मग आत जाऊन माझी ट्रंक बाहेर आणली आणि सुमीपुढे ठेवली. आयुष्यात त्याने थोरल्या भावाला तेवढं एकच उलट वाक्य बोललेलं मी ऐकलं. आमच्या घरात ते अजून म्हणतात. माझी सूनही म्हणते, तिला ते कुठून आलं माहीत नाही, ती त्याला जुनी म्हण समजते. मला माहीत आहे ती कोणी केली, आणि करणारा गाढवांच्या मागे चालला होता की नाही तेही माहीत आहे.

बसस्टँडवर या वेळी मी तिला सोडायला गेलो. वैद्य सरच शिकवणार होते. मी खिडकीपाशी उभा राहून तिला सांगितलं की ती म्हण आली तर पुस्तकातला अर्थ लिहून टाक. माझं झालं ते झालं. आता घरात एवढं एकच वर्ष उरलं आहे, तेही गेलं तर बाला पुन्हा कोणापुढे बोलता येणार नाही. सुमीने बरं म्हटलं. ती ज्या तऱ्हेने बरं म्हणाली, त्यावरून मला वाटलं की ती ऐकेल. परातीपाशी बोलली होती ती सुमी हिशेबी होती, आणि ती हिशेबी होती याचं मला बरंच वाटलं.

आता शनिवारी डबा भरून स्टँडवर नेण्याचं काम माझं. पोळा झाला, आणि त्यानंतरच्या शनिवारी रहीमभाईंनी रिकामा डबा देताना सांगितलं, "पोट्टी म्हणे, म्हण आलती. भावानं लिहिलं तेच लिहिलं म्हणे."

बा माझ्याबरोबर होता. घरापर्यंत आम्ही दोघे गाढवांच्या मागे चाललो. मला तिचा राग आला, इतका की त्या क्षणी ती समोर असती तर मी ओरडलो असतो. आणि त्याच वेळी पाय जमिनीवर हलके पडत होते. बाने वाटेत एकदाच म्हटलं की शिंगरू आईच्याच वाटेने पळते, त्याले दुसरी वाट कधी दाखवली आपण. घरी आम्ही मायला सांगितलं, मोठेबाबांना सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी डबा आला, निरोप नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. डबा घासून पुसून यायचा, त्यावर माय हात फिरवायची, जणू आत काही राहिलं असेल. तिचंही नाव फळ्यावर लागलं नाही, तर काय करायचं हे मी मनात जुळवून बघायचो आणि जुळत नसे. मोठेबाबांचं हसणं मात्र मला आधीच ऐकू यायचं.

नवरात्र उलटून गेलं होतं. त्या शनिवारी स्टँडशेजारच्या एका बांधकामावर आम्ही विटा टाकत होतो. शेवटची खेप उतरली होती. बाने पिशवीत हात घातला तेवढ्यात गाडी लागली आणि रहीमभाई पायरीवरूनच मला हाका मारू लागले. मी हातची माती झटकत धावलो. त्यांनी डबा दिला, तिकिटाची पेटी काखेत धरली आणि सुमीच्या आवाजात सांगितलं, जसं ते नेहमी सांगायचे.

"सरानं माहा कागद वर्गात वाचून दाखवला. कोणी हसलं नाई. पास केलं. सर म्हणे, पोळ्याले मैनेनं नाई म्हटलं ते मलेबी दिसलं होतं, भावाले सांग, यंदा ये अन् परीक्षेचा फॉर्म भर." गाडी सुटत होती. ते दारात लटकून पुन्हा बाहेर वाकले. "अन् एक राह्यलं, गजू. पोट्टी म्हणे, फॉर्म भर, पण उत्तर बदलू नको."